पहिल्या वर्षाची वही

पीएचडीचं पहिलं वर्ष संपताना ‘काहीच झालं नाही’ असं वाटेल. मलाही वाटलं होतं. गाइडने वर्षातल्या ठळक गोष्टी विचारल्या, आणि मी कोर्सवर्कचे 12 क्रेडिट सांगून गप्प! खरं तर कास पठारावरून परवानगी काढून आणलेले वनस्पतींचे नमुने चिंब भिजले होते; रात्री दोनपर्यंत त्यांच्याखालची वर्तमानपत्रं बदलत, इस्त्रीने वाळवत बसलो होतो. एकाही पानाला बुरशी लागली नाही. हे कुठे लिहिलंच नव्हतं.

तू लिही. दर शनिवारी दोन ओळी, तारखेसकट. पेपर नाकारला गेला तर तेही. सहामाहीला संशोधन सल्लागार समितीपुढे उभी राहशील तेव्हा हीच वही कामाला येईल. जेआरएफचं, म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीचं, दोन वर्षांनी एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ शिष्यवृत्ती होतं, तेव्हाही. आणि हो, पेन्सिलने लिही. पावसात शाई पसरते.