पीसीओएस आणि ती आरएनएची टेस्ट

2024 ला मायक्रोआरएनएच्या शोधासाठी अँब्रोस आणि रुवकुन यांना नोबेल मिळालं, आणि पीसीओएसवाल्या (हार्मोन्सचा बिघाड, ज्यात पाळी अनियमित होते) पेशंट आता पाळीच्या तारखा सांगायच्या आधी आरएनएचं विचारतात. तेच तेच प्रश्न येतायत म्हणून एकदाच लिहितोय.

नॉन-कोडिंग आरएनए म्हणजे बिघडलेला आरएनए का?

नाही हो. आरएनए म्हणजे पेशीतली जनुकांवरून केलेली नक्कल. ज्याच्यापासून प्रोटीन बनत नाही तो नॉन-कोडिंग, मायक्रोआरएनए त्यातलाच. सगळ्यांच्याच पेशीत असतो.

लॅबवाला म्हणतो, रक्तातल्या मायक्रोआरएनएवरून पीसीओएस पक्का कळतो. करू का पॅकेज?

पैसे ठेवा जवळ. मायक्रोआरएनए म्हणजे साधारण 22 अक्षरांचा तुकडा, तो मेसेंजर आरएनएला (प्रोटीन बनवायचा निरोप नेणाऱ्या) चिकटतो आणि प्रोटीन बनणं कमी करतो. पीसीओएस असलेल्या बायकांच्या चरबीत मिर-93 नावाचा मायक्रोआरएनए जास्त सापडलाय, त्यामुळे साखर पेशीत ओढून घेणारं ग्लुट-4 हे प्रोटीन कमी पडतं, म्हणजे इन्सुलिन रेझिस्टन्सचा (पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत, त्याचा) एक धागा तिथे आहे. ओव्हरीत अंड्याभोवती असणाऱ्या पाण्यात मिर-132 आणि मिर-320 कमी दिसलेत. संशोधन म्हणून झकास, पण एका अभ्यासात वाढलेला तुकडा दुसऱ्यात घटलेला निघतो, वजनाने फरक पडतो, सॅम्पलमधल्या लाल पेशी फुटल्या तरी आकडा हलतो, आणि नॉर्मल किती हेच अजून ठरलेलं नाही, मग रिपोर्टवर लाल अक्षरात 'हाय' छापतात ते कशाच्या जोरावर?

निदानाला तीनपैकी दोन गोष्टी लागतात: अनियमित पाळी, अँड्रोजन (पुरुषी हार्मोन) वाढल्याची लक्षणं किंवा रक्तात तसा पुरावा, आणि सोनोग्राफीत खूप बारीक पिशव्या दिसणारी ओव्हरी (2023 च्या गाइडलाइननुसार मोठ्यांमध्ये सोनोग्राफीऐवजी एएमएच ही रक्ताची टेस्ट चालते). थायरॉइड, प्रोलॅक्टिन आधी बघून घ्यायचं, त्यांच्या बिघाडानेही पाळी चुकते.

माझा राग पैशांपेक्षा उशिरावर आहे. पॅकेजच्या रिपोर्टची वाट बघत पाळी चार-पाच महिने आली नाही तरी बाई घरीच. अंडं सुटत नाही म्हणून प्रोजेस्टेरॉन (अस्तराला आवर घालणारं हार्मोन) नाही, अस्तर जाड होत जातं, आणि असं वर्षानुवर्षं चाललं तर गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. 90 दिवसांवर गॅप गेला की आधी प्रेग्नन्सी टेस्ट, मग सरळ स्त्रीरोगतज्ज्ञ. शिवाय 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन करतात ती शुगर टेस्ट कराच, ती कुठल्याही साध्या लॅबमध्ये होते.

मुलगी 15 वर्षांची आहे, सोनोग्राफीत 'पीसीओडी' (पीसीओएसचंच दुसरं नाव) आलंय.

पहिल्या पाळीनंतर 8 वर्षं सोनोग्राफीवरून हे ठरवत नाहीत, त्या वयात ओव्हरी तशी दिसतेच. पण तिची पाळी अनियमित असेल किंवा अंगावर, चेहऱ्यावर केस येत असतील तर तपासून घ्या.

दालचिनीच्या पाण्याने मिर-93 कमी होतो असं रीलमध्ये बघितलं.

रील बंद करा.

मैत्रिणीला मेटफॉर्मिनने (डायबिटीसची गोळी) पाळी आली, मी तिच्याच गोळ्या घेऊ?

नको. किडनीचं क्रिएटिनिन बघितल्याशिवाय तर नकोच, आणि ती गोळी तुम्हाला लागते का हे तुमचे डॉक्टर सांगतील. आणखी एक, या गोळीने बंद असलेलं अंडं सुटायला लागू शकतं, मूल नको असेल तर तेही त्यांच्याशी बोलून घ्या.