मुलांसोबत मराठी चित्रपट पाहताना

परदेशात वाढणाऱ्या मुलांना चांगले मराठी चित्रपट दाखवावेत असे बहुतेक पालकांना मनापासून वाटते, परंतु निवडीची वेळ आली की हात आपसूक स्वतःच्या आवडीच्या चित्रपटांकडे जातो. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) आपल्याला तोंडपाठ असतो, म्हणून तो मुलांनाही आवडेल असे आपण गृहीत धरतो. त्यातील गंमत मात्र बरीचशी संवादांच्या फेकीत आहे, आणि उपशीर्षके वाचत बसलेल्या आठ वर्षांच्या मुलाला आईवडील का हसत आहेत हे कळेपर्यंत पुढचा विनोद होऊन गेलेला असतो. असे चित्रपट दाखवू नयेत असे नाही. त्यांच्यापासून सुरुवात मात्र करू नये.

लहान मुलांसाठी चित्रपट निवडताना गोष्टीच्या केंद्रस्थानी मूल आहे का, आणि त्या मुलाला स्वतः काही ठरवावे लागते का, हे आधी पाहावे. या दृष्टीने परेश मोकाशी यांचा ‘एलिझाबेथ एकादशी’ (२०१४) मला अतिशय योग्य वाटतो. सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाच्या राष्ट्रीय पुरस्काराच्या मानकऱ्यांत तो होता. कर्ज थकल्याने ज्ञानेश या मुलाच्या आईचे स्वेटर विणण्याचे यंत्र जप्त झालेले आहे, पैसे उभे करण्यासाठी वडिलांची आठवण असलेली ‘एलिझाबेथ’ नावाची सायकल विकावी लागेल अशी वेळ आली आहे, आणि पंढरपुरात कार्तिकीची गर्दी लोटली आहे. ज्ञानेश आणि त्याची बहीण आईला न सांगता त्या गर्दीत बांगड्यांचे दुकान मांडतात. सायकल जिवापाड जपणारा हा मुलगा कोणत्याही देशातील मुलाला ओळखीचा वाटतो, त्यासाठी पंढरपूर पाहिलेले असावे लागत नाही. बाजारातील मुलांच्या तोंडी रांगडी भाषा आहे. त्या भाषेने दचकून जाऊ नये.

चित्रपट सुरू करण्यापूर्वी नकाशावर पंढरपूर दाखवावे, भीमा नदी तेथे चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात हे सांगावे, आषाढी-कार्तिकीला वारकरी कशासाठी येतात हे दोन वाक्यांत सांगावे आणि तेवढ्यावर थांबावे. मध्येच चित्रपट थांबवून शब्दांचे अर्थ विचारण्याचा मोह पालकांना फार होतो, आणि करमणुकीची शिकवणी झाली की पुढच्या वेळी मूल सोफ्यावर येऊन बसतच नाही.

त्याहून वाईट सवय म्हणजे चित्रपट संपताच “बघ, ती मुले किती कष्ट करतात, आणि तुला सगळे हातात मिळते तरी तक्रार!” असे ऐकवणे. अशाने ज्ञानेशबद्दल वाटू लागलेली आपुलकी नाहीशी होते आणि तो शेजारच्या हुशार मुलासारखा नकोसा होतो. त्याऐवजी आईपासून दुकान लपवणे बरोबर होते का, एवढेच विचारावे. मूल इंग्रजीत उत्तर देऊ लागले तर देऊ द्यावे, आपण मराठीत बोलत राहावे.

निकोप चित्रपटात दुःख नसावे, ही समजूतही सोडावी. ‘टिंग्या’मध्ये (२००८) चितंग्या नावाचा जखमी बैल विकायला निघालेल्या वडिलांना मुलगा अडवतो, मैत्रिणीच्या आजारी आजीवर उपचार होतात, मग चितंग्यावर का नाहीत, या त्याच्या प्रश्नाला मोठ्यांजवळ उत्तर नसते. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना तो पेलतो, फक्त शेतकऱ्याच्या कर्जाविषयी प्रश्न येतील याची तयारी ठेवावी. ‘श्वास’ (२००४) त्यापुढचा. प्राण वाचवण्यासाठी डोळे गमवावे लागणार असलेल्या नातवाची आणि त्याच्या आजोबांची ती गोष्ट आहे. दवाखान्याची भीती असलेल्या मुलाला ती एवढ्यात दाखवू नये.

भारतात २०२४ पासून ‘यूए’ (म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावेत अशा चित्रपटांच्या) प्रमाणपत्राचे ७, १३ आणि १६ वर्षे असे टप्पे झाले आहेत. त्यापूर्वीच्या चित्रपटांवर ही खूण सापडणार नाही, म्हणून आपण चित्रपट आधी एकट्याने पाहून घेणे उत्तम. एवढे करूनही मूल वीस मिनिटांत उठून गेले, तर जबरदस्ती न करता तो बंद करावा आणि सहा महिन्यांनी, शक्य झाल्यास आजीआजोबा मुक्कामाला आलेले असताना, पुन्हा लावून पाहावा.