तुम्ही विचारा: मेक्सिकोचा रामिरेझ दोन्हीकडे पहिला कसा?

गेल्या अंकात डेव्हिस कपवरच्या, म्हणजे टेनिसमधल्या देशादेशांच्या सांघिक स्पर्धेवरच्या, एका उत्तरात मेक्सिकोच्या टेनिसपटू राउल रामिरेझचं नाव जाता जाता आलं, आणि त्यावर खान्देशातूनच एवढे प्रश्न आले की या वेळचं सदर त्यालाच देऊन टाकलं. क्रिकेटवाल्यांनी जरा दम धरा, पुढच्या महिन्यात तुमचा नंबर.

प्रश्न (भुसावळ): नमस्कार दादा. आमच्या कॉलनीतल्या कोर्टवर एक रिटायर्ड साहेब येतात, खेळ कमी आणि गप्पा जास्त. ते म्हणतात मेक्सिकोचा रामिरेझ एकाच वर्षी सिंगल्समध्ये पण पहिला होता आणि डबल्समध्ये पण. मी मोबाईलवर बघितलं तर सिंगल्सचं बेस्ट रँकिंग ४ दाखवतं. आता साहेबांना तोंडावर कसं सांगू भो, की तुम्ही फेकताय?

उत्तर: सांगूच नका. साहेब बरोबर आहेत आणि तुमचा मोबाईल पण बरोबर आहे. त्या काळात टेनिसमध्ये दोन वेगवेगळे हिशोब चालायचे. एक कॉम्प्युटर रँकिंग, जे १९७३ मध्ये सुरू झालं, त्यात तुमचे पॉइंट तुम्ही किती स्पर्धा खेळलात त्या आकड्याने भागायचे, म्हणजे सरळ सरासरी. दुसरा हिशोब ग्रां प्रीचा. वर्षभरातल्या ठरलेल्या स्पर्धांची मालिका, तिथे भागाकार वगैरे भानगड नाही, नुसती बेरीज, आणि वर्षाच्या शेवटी त्या बेरजेवर बोनसचे पैसे वाटायचे, वरच्या आठ जणांना वर्षाअखेरच्या मास्टर्स स्पर्धेत जागा. १९७६ मध्ये रामिरेझ ग्रां प्रीच्या सिंगल्सच्या बेरजेत पण पहिला आला आणि डबल्सच्या पण. एकाच वर्षी दोन्हीकडे पहिला येणारा तो पहिलाच खेळाडू. कॉम्प्युटरवर मात्र सिंगल्समध्ये तो त्याच वर्षी नोव्हेंबरात चौथ्या नंबरपर्यंत गेला, त्याच्या वर नाही. डबल्सच्या कॉम्प्युटर रँकिंगमध्ये एप्रिल १९७६ मध्ये पहिला.

आता यावर काही लोक लगेच म्हणतात की म्हणजे हा हजेरीवर पास झाला, कॉनर्स आणि बोर्ग हे त्या वेळचे बडे खेळाडू निवडून निवडून खेळायचे, पॉइंट नसलेल्या एक्झिबिशन मॅचचे पैसे घ्यायचे, हा बिचारा दर आठवड्याला कोर्टवर, म्हणून बेरीज वाढली. थोडं खरं आहे, नाही असं नाही. पण हजेरी लावून पॉइंट मिळत नाहीत, मॅच जिंकून मिळतात. १९७६ चं विम्बल्डनच घ्या. सिंगल्समध्ये सेमीफायनलपर्यंत, तिथे रुमानियाच्या नस्तासेने हरवला, आणि डबल्स तर जिंकलंच. सिंगल्सच्या सहा फेऱ्या, डबल्सच्या सहा फेऱ्या, पंधरा दिवसांत, लाकडी रॅकेट घेऊन, गवतावर वाकून वाकून, आणि डबल्सची फायनल पाचव्या सेटमध्ये ७-५. आजचे सिंगल्सवाले टॉपचे खेळाडू ग्रँड स्लॅममध्ये डबल्सला नाव पण देत नाहीत, आणि मला त्यांचं काही चुकतं असंही वाटत नाही, आताचा खेळ शरीर पार पिळून काढतो. पण मग रामिरेझच्या हजेरीला नावं ठेवू नका एवढंच.

प्रश्न (धुळे): हा माणूस आला कुठून? मेक्सिकोत टेनिस म्हणजे राजधानीतल्या क्लबवाल्या श्रीमंतांचा खेळ असणार ना?

उत्तर: बऱ्यापैकी तसंच होतं, पण हा राजधानीतला नाही. १० जून १९५३ चा जन्म, गाव एन्सेनाडा, बाहा कॅलिफोर्निया राज्यात पॅसिफिकच्या काठावरचं बंदर. अमेरिकेची हद्द तिथून शंभरेक किलोमीटर, मेक्सिको सिटी मात्र देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. रावेरच्या माणसाला बऱ्हाणपूर जवळ आणि मुंबई लांब, तसंच. त्यामुळे शिकायला आणि खेळायला तो वर लॉस एंजेलिसला गेला, युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात. तिथले कोच जॉर्ज टोली, आणि टोलींच्या हाताखालून आधी एक मेक्सिकन जाऊन आलेला होता, राफाएल ओसुना.

ओसुनाबद्दल दोन ओळी लिहायलाच पाहिजेत, कारण त्याच्याशिवाय रामिरेझ समजत नाही. १९६३ ची यूएस चॅम्पियनशिप (आजची यूएस ओपन) ओसुनाने जिंकली, मेक्सिकोच्या पुरुषांत ग्रँड स्लॅम सिंगल्स जिंकलेला आजपर्यंत तो एकटाच. मे १९६९ मध्ये त्याने डेव्हिस कपमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धची निर्णायक मॅच काढली आणि जून १९६९ मध्ये माँटेरेजवळच्या विमान अपघातात गेला, वय फक्त तीस. तेव्हा एन्सेनाडाचं आपलं पोरगं सोळा वर्षांचं होत होतं. म्हणजे रामिरेझ मोठा होत होता तेव्हा सगळ्या देशाला पुढचा ओसुना पाहिजे होता, आणि ते ओझं कुणाच्या तरी खांद्यावर पडणारच होतं. १९७३ मध्ये तो प्रोफेशनल झाला आणि १९७५ मध्ये रोमची इटालियन ओपन जिंकली, फायनलमध्ये स्पेनचा ओरांतेस, जो मातीच्या कोर्टवरचा बाप माणूस, त्याला सरळ सेटमध्ये. बावीसाव्या वाढदिवसाच्या सुमाराला. अमेरिकेच्या हार्ड कोर्टवर घडलेल्या पोराने युरोपच्या लाल मातीवर हे करणं म्हणजे साधी गोष्ट नाही.

प्रश्न (अमळनेर): माझं स्पष्ट मत, पटलं तर छापा. डबल्स म्हणजे ज्यांना सिंगल्स जमत नाही त्यांची सोय. डबल्सचे कप मोजून कुणाला मोठं म्हणू नये.

उत्तर: छापलं. पटलं नाही.

तुमचं मत आजच्या काळापुरतं थोडंफार चालेल, १९७० च्या दशकाला ते लावलं की पार गडबड होते. रामिरेझचा जोडीदार होता अमेरिकेचा ब्रायन गॉटफ्रीड, आणि हा गॉटफ्रीड १९७७ मध्ये सिंगल्समध्ये जगात तिसरा होता. त्या वर्षी पॅरिसला फ्रेंच ओपनच्या सिंगल्सच्या सेमीफायनलला दोघंही होते. अर्जेंटिनाच्या विलासने सेमीत रामिरेझला उडवला आणि फायनलमध्ये गॉटफ्रीडला तर ६-०, ६-३, ६-० असा धुतला, आणि त्याच स्पर्धेत या दोघांनी मिळून डबल्स जिंकलं. यात सोय कुठे दिसते तुम्हाला?

दोघांचा हिशोब असा: फ्रेंच ओपन १९७५ आणि १९७७, विम्बल्डन १९७६, रोमला १९७४ पासून १९७७ पर्यंत सलग चार वर्षं. हरलेल्या फायनल पण मोजायच्या असतात, त्याने माणूस कळतो: पॅरिस १९७६ आणि १९८०, यूएस ओपन १९७७, विम्बल्डन १९७९, ज्यात समोर मॅकेन्रो आणि फ्लेमिंग. सगळ्या जोडीदारांबरोबरची धरली तर रामिरेझची डबल्सची विजेतेपदं साठच्या घरात जातात, आणि सिंगल्सची दीड डझन भरतात.

आणि डबल्स खेळून काय मिळतं ते एका पॉइंटमध्ये सांगतो. सर्व्ह करणारा सर्व्ह टाकून नेटकडे धावतोय, त्याचा पार्टनर आधीच नेटला चिकटून उभा, तिरका चेंडू हवेत पकडायला टपलेला. आता रिटर्न करणाऱ्याने जोरात मारून उपयोग नाही, चेंडू जरा वर राहिला की नेटवाला ठोकून टाकणार. तर रिटर्न असा पाहिजे की नेटच्या जेमतेम वरून जाईल आणि धावत येणाऱ्याच्या बुटाजवळ उतरेल, त्याला गुडघ्याखालून, वर उचलूनच खेळावं लागेल, आणि तो उचललेला चेंडू मारायला आपला पार्टनर पुढे सरकलेला असेल. हे सगळं दोन सेकंदांत. हे ज्याच्या हातात बसलं त्याला सिंगल्समध्ये सर्व्ह करून नेटकडे पळत येणाऱ्यांची भीती राहत नाही, आणि त्या वेळी अर्धी दुनिया तशीच खेळायची. रामिरेझची ताकद ताकदीत नव्हतीच, चेंडू लवकर घेण्यात आणि नेटजवळच्या मऊ हातात होती, आणि तो हात डबल्सने घडवला असं माझं पक्कं मत आहे. विजय अमृतराजच्या खेळावर जीव टाकणाऱ्यांना हे सांगायला नको, तो पण त्याच पिढीतला, १९५३ चाच.

प्रश्न (चोपडा): मेक्सिको आणि भारत कधी समोरासमोर आले होते का? आणि कॉनर्सला यानेच हरवलं होतं का डेव्हिस कपमध्ये?

उत्तर: आले होते, पण रामिरेझच्या आधी. १९६२ मध्ये डेव्हिस कपची आंतरविभागीय फायनल मद्रासला झाली, आपल्याकडून रामनाथन कृष्णनची पिढी, त्यांच्याकडून ओसुना आणि पालाफॉक्स, आणि मेक्सिकोने आपल्याला ५-० ने घरात हरवलं. पुढे ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलियाने मेक्सिकोला तसंच ५-० केलं.

कॉनर्सची गोष्ट खरी. डिसेंबर १९७५ (स्पर्धा मात्र १९७६ ची), मेक्सिको सिटी, अमेरिकेविरुद्ध २-२ आणि पाचव्या मॅचमध्ये रामिरेझ विरुद्ध कॉनर्स, जो तेव्हा जगात पहिला. रामिरेझने जिंकली. मेक्सिको सिटी सव्वादोन हजार मीटर उंचीवर आहे हे लक्षात घ्या, हवा विरळ, चेंडूला हवेचा अडथळा कमी, त्यामुळे जोरात मारणाऱ्याचा चेंडू उडतच सुटतो आणि लाइनच्या बाहेर जातो. कॉनर्स म्हणजे सपाट आणि जोरात. पण उंचीने जिंकून दिलं असं म्हणाल तर त्याच वर्षी फेब्रुवारीत मेक्सिकोने अमेरिकेला अमेरिकेतच, पाम स्प्रिंग्जला हरवलेलं होतं, तिथे कुठली आली उंची. तिथेही मुख्य माणूस हाच.

आणि यानंतरचा भाग सहसा कुणी सांगत नाही. पुढच्या फेरीत समोर दक्षिण आफ्रिका. वर्णभेदाच्या धोरणामुळे मेक्सिकोने खेळायला नकार दिला आणि स्पर्धेतून बाहेर. सलग दुसऱ्या वर्षी, १९७५ ला पण हेच झालेलं होतं. आपल्याला ही गोष्ट ओळखीची वाटायला पाहिजे, कारण १९७४ मध्ये भारताने पुण्यात सोव्हिएत संघाला हरवून फायनल गाठली आणि दक्षिण आफ्रिकेशी खेळायचं नाही म्हणून फायनल सोडून दिली. सोडलं ते बरोबरच होतं. पण खेळाडूच्या बाजूने बघा, बावीस वर्षांचा माणूस आयुष्यातल्या सगळ्यात भारी फॉर्मात, जगातल्या पहिल्या नंबरवाल्याला निर्णायक मॅचमध्ये पाडतो, आणि कपाचा रस्ता तिथेच बंद, तोही त्याच्या हातात नसलेल्या कारणाने. अशी वर्षं परत येत नाहीत.

प्रश्न (जळगाव): एवढं सगळं होतं तर सिंगल्सचा एक पण ग्रँड स्लॅम का नाही?

उत्तर: कारण समोर बोर्ग, कॉनर्स आणि विलास एकाच वेळी होते, आणखी काय सांगू. फ्रेंचला १९७६ आणि १९७७ दोन्ही वर्षी सेमी, पहिल्यांदा हॅरॉल्ड सॉलोमनने थांबवला. सॉलोमन म्हणजे बेसलाइनवर, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेवर, उभा राहून दिवसभर चेंडू परत करणारा. त्यानंतर खेळ त्याच दिशेला गेला, टॉपस्पिन (चेंडूला पुढच्या बाजूने फिरकी), मागे उभं राहून, आधी दमवायचं मग मारायचं, आणि हात मऊ असणाऱ्यांचा जमाना सिंगल्समध्ये ओसरायला लागला. सर्व्ह तोफेसारखी नव्हती हे पण आहेच. आणि माझ्या मते, वर ज्याचं एवढं कौतुक केलं ते दर आठवड्याचं दुहेरी काम, त्याने पाय पण खाल्ले असणार. १९८३ पर्यंत खेळला, नंतर मेक्सिकोच्या डेव्हिस कप टीमचा कॅप्टन पण झाला.

त्याच्यानंतर कोण असं अजून एकाने विचारलंय, तर लिओनार्डो लावाये १९८५ ला विम्बल्डनचा ज्युनियर चॅम्पियन आणि १९९१ ला तिथेच डबल्सच्या फायनलमध्ये, होर्हे लोझानो फ्रेंचला १९८८ आणि १९९० चा मिक्स्ड डबल्सचा विजेता. दोघं चांगले, रामिरेझच्या उंचीचे नाहीत.

प्रश्न (शिरपूर): माझी मुलगी बारा वर्षांची आहे, बरी खेळते. इथे कोर्ट कमी, मुलं जास्त, म्हणून सर बऱ्याचदा चौघांना एकत्र खेळवतात. दुसरे एक सर म्हणतात डबल्सने सवय बिघडते, तिला सिंगल्सच खेळू द्या. काय करू?

उत्तर: ताई, दुसऱ्या सरांना नम्रपणे हो म्हणा आणि चौघांत खेळवत राहा. या वयात नेटजवळ जायची भीती एकदा गेली की गेली, आणि राहिली तर कायमची राहते, बेसलाइनवरून तर ती पुढे आयुष्यभर मारणारच आहे. कोर्ट कमी असताना चार पोरं एका वेळी हलतात हा फायदा वेगळाच. फक्त एक बघा, उन्हाळ्यात आपल्याकडे चेंडू तापून जास्तच उसळतो, मुलं मागे मागे सरकतात आणि तीच सवय लागते, म्हणून एप्रिल-मे मध्ये सकाळी साडेसहाच्या आतच कोर्टवर न्या. आणि सरांना सांगून रोज शेवटची दहा मिनिटं रिटर्नला द्या: समोर सर्व्हिस लाइनच्या जरा अलीकडे, तिरक्या बाजूला पाण्याची एक रिकामी बाटली ठेवायची, सर्व्ह करणाऱ्याने पुढे पळत यायचं आणि हिने ती बाटली पाडायची, जोर न लावता.