मुलगा शाळेच्या टीममध्ये किकर आहे. कॉलेजात खेळायला मिळावं म्हणून आईवडिलांनी काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा न्यू जर्सीत दहावी संपवून आता ज्युनियर इयरला, म्हणजे अकरावीला जाणार. लहानपणापासून सॉकर खेळला, गेल्या वर्षीपासून शाळेच्या फुटबॉल टीमचा किकर. (भारतातल्या वाचकांसाठी: हा हेल्मेटवाला अमेरिकन फुटबॉल. किकर म्हणजे त्यात बॉल पायाने मारण्याचं काम करणारा खेळाडू.) कोच म्हणतात की कॉलेजात खेळेल. एक रिक्रूटिंग सर्व्हिस काही हजार डॉलर मागतेय. तुम्ही एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या कुटुंबाला मिळणारा व्हिसा) आहात, आणि स्कॉलरशिप मिळेल का हे तुम्हाला जाणून घ्यायचंय.

माझा मुलगा आता डिव्हिजन ३ च्या एका कॉलेजात किकर आहे. (कॉलेजच्या खेळांची संघटना, एनसीएए, कॉलेजांना तीन डिव्हिजनमध्ये विभागते: १ सगळ्यात वरची, ३ सगळ्यात खालची.) आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो, घरात कुणाला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. तेव्हा आधी सर्व्हिसचं सांगते: पैसे देऊ नका. ते लोक जे करतात ते तुमचा मुलगा आणि त्याचा शाळेचा कोच मिळून फुकटात करू शकतात. कॉलेजचा कोच विश्वास ठेवतो तो शाळेच्या कोचच्या फोनवर. सर्व्हिसकडून एकाच वेळी शेकडो जणांना गेलेल्या मेलला तो विचारत नाही.

आता स्कॉलरशिप. शाळेत फुटबॉल खेळणारी मुलं देशभरात दहा लाखांच्या आसपास, त्यातली एनसीएएच्या कुठल्याही डिव्हिजनमध्ये पोचतात ती शंभरातली जेमतेम सात. त्यात किकरचं गणित आणखी अवघड, कारण टीमला तो लागतो एक, फार तर दोन, आणि एकदा चांगला मिळाला की तीन-चार वर्षं दुसऱ्याची गरज नसते. शिवाय २०२५ च्या जूनमध्ये कोर्टाने खेळाडूंच्या पैशांवरून एनसीएएविरुद्ध चाललेल्या हाउस खटल्यातली तडजोड मान्य केली. ती स्वीकारणाऱ्या डिव्हिजन १ च्या मोठ्या कॉलेजांत फुटबॉलची ८५ स्कॉलरशिपची जुनी मर्यादा गेली आणि टीममध्ये एकूण १०५ खेळाडू ही नवी मर्यादा आली. ऐकायला बरं वाटतं. पण पूर्वी या मोठ्या टीम सव्वाशेच्या घरात मुलं बाळगत, त्यातली बरीच स्कॉलरशिपशिवाय आलेली, ज्यांना वॉक-ऑन म्हणतात. किकर बहुधा याच दाराने आत शिरायचे आणि वर्षा-दोन वर्षांनी स्कॉलरशिप कमवायचे. ते दार आता अरुंद झालंय. वर २०१८ पासून ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी, आहेच. रटगर्ससारख्या डिव्हिजन १ च्या टीमला किकर हवा असेल, तर शाळेतल्या पोरावर जुगार खेळण्यापेक्षा लहान कॉलेजात दोन सीझन खेळून सिद्ध झालेला मुलगा उचलणं त्यांना सोपं.

म्हणून माझं स्पष्ट मत: स्कॉलरशिपच्या मागे धावू नका, या खेळाचा उपयोग ॲडमिशनसाठी करा. डिव्हिजन ३ मध्ये खेळासाठी स्कॉलरशिप नसतेच. आयव्ही लीग डिव्हिजन १ मध्ये असूनही तिथेही नसते. पण कोचला मुलगा हवा असेल तर तो ॲडमिशन ऑफिसात शब्द टाकतो, आणि चांगल्या मार्कांच्या मुलाला त्या शब्दाचं वजन पैशापेक्षा जास्त पडू शकतं. आपल्या लोकांच्या यादीतली किती कॉलेजं इथे आहेत बघा: जॉन्स हॉपकिन्स, कार्नेगी मेलन, शिकागो विद्यापीठ, केस वेस्टर्न, आरपीआय, डब्ल्यूपीआय, रोझ-हल्मन. सगळ्यांच्या डिव्हिजन ३ च्या फुटबॉल टीम आहेत. तुमच्या घराजवळ टीसीएनजे, रोवन, माँटक्लेअर स्टेट ही सरकारी कॉलेजं आहेत, तीही डिव्हिजन ३ च. (स्टीव्हन्सचं नाव आपल्या मंडळात हमखास निघतं, पण त्यांच्याकडे फुटबॉलच नाही.)

यादी करताना रँकिंग बाजूला ठेवा आणि त्या टीमच्या वेबसाइटवर रोस्टर, म्हणजे खेळाडूंची यादी, उघडा. किकर कोण आणि तो कितव्या वर्षाला, एवढंच बघायचं. तुमचा मुलगा अकरावीत असताना तिथला किकर तिसऱ्या वर्षाला असेल, तर मुलगा पोचेल तेव्हा तो पदवी घेऊन गेलेला असेल, म्हणजे जागा रिकामी. पहिल्या वर्षाचा चांगला किकर दिसला तर कॉलेज कितीही आवडो, खाली सरकवा. हे काम आईवडिलांनी खुशाल करावं. आम्ही एक्सेलमध्ये तक्ता केला होता.

पंटसुद्धा (हातातून सोडलेला बॉल पायाने लांब मारणं) मारता येत असेल तर ते आवर्जून लिहा. दोन्ही कामं एकाच मुलाकडून होत असतील तर लहान टीमला ते फार सोयीचं पडतं.

व्हिडिओबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण किकरचं सगळं यावरच चालतं आणि लाइनबॅकरच्या (बचावातल्या खेळाडूच्या) व्हिडिओचे नियम इथे लागू पडत नाहीत. शाळेच्या नियमांनुसार फील्ड गोल (बॉल गोलपोस्टमधून मारून गुण मिळवणं) मारताना बॉलखाली दोन इंचांपर्यंतचा ठोकळा चालतो. कॉलेजात १९८९ पासून तो बंद आहे, बॉल थेट गवतावर. शाळेत पंचेचाळीस यार्डांवरून सहज मारणारी मुलं जमिनीवरून मारायला लागली की बॉल खाली राहतो आणि समोरच्यांच्या हातात जातो. म्हणून ठोकळा आजपासून सरावातून काढा. मॅचमध्ये कोच म्हणतील तसं करू दे, पण पाठवायचा व्हिडिओ जमिनीवरूनच मारलेल्या किकचा हवा, आणि तसं शीर्षकात लिहा.

किकऑफचंही, म्हणजे खेळ सुरू करणाऱ्या किकचंही, तसंच. शाळेत तो ४० यार्डांच्या रेषेवरून होतो, कॉलेजात ३५ वरून. शिवाय शाळेत बॉलने गोल लाइन ओलांडली की आपोआप टचबॅक, म्हणजे खेळ तिथेच थांबतो; कॉलेजात मात्र समोरचा तो घेऊन पळू शकतो. त्यामुळे ‘माझे इतके टचबॅक’ हा आकडा कोचला फारसं काही सांगत नाही. त्याला बॉल किती यार्ड गेला आणि किती सेकंद हवेत राहिला, हे हवं असतं. पायाचा बॉलला स्पर्श झाला की स्टॉपवॉच सुरू, बॉल झेलला किंवा पडला की बंद. पासष्ट यार्ड आणि चार सेकंदांच्या जवळ जात असेल तर लोक ऐकून घेतात.

आमच्याकडे रविवारी सकाळी शाळेच्या रिकाम्या मैदानावर हे चालायचं. मी गोलपोस्टच्या मागे फोन घेऊन, नवरा बाजूला स्टॉपवॉच घेऊन. सलग दहा बॉल, मध्ये कॅमेरा बंद करायचा नाही, चुकलेले कापायचे नाहीत. मॅचच्या क्लिप हडल या व्हिडिओच्या साइटवर असतातच, पण त्यात सगळे आपले गेलेलेच गोल लावतात. न कापलेला व्हिडिओ बघून एका कोचने मुलाला फोन केला आणि पहिलाच प्रश्न टाकला, ‘सातवा उजवीकडे का गेला?’ मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते, तोंडावर उत्तर आलं होतं, पण गप्प बसले. मुलगा म्हणाला, ‘टेकवायचा पाय बॉलच्या फार जवळ पडला, आठव्याला मागे घेतला.’ पुढे अर्धा तास बोलले दोघं.

यावरून मेलचं सांगते. मेल मुलानेच लिहायचा, त्याच्याच पत्त्यावरून. तुमचा मेल कोचला लगेच ओळखू येतो आणि तो मनातल्या मनात मुलावर एक फुली मारतो. विषयाच्या ओळीत नाव, कुठल्या साली बारावी, किकर, जीपीए (मार्कांची सरासरी), राज्य. आत चार-पाच ओळी, हडलची लिंक, शाळेच्या कोचचा फोन नंबर, आणि कॉलेजबद्दल एक खरी गोष्ट. पाठवायचा स्पेशल टीम्सच्या (किक आणि पंटचं बघणाऱ्या) कोचला. त्यांचे पत्ते टीमच्या वेबसाइटवर असतात. डिव्हिजन ३ चे कोच कधीही उत्तर देऊ शकतात. डिव्हिजन १ च्या फुटबॉल कोचना ज्युनियर इयरच्या १ सप्टेंबरपर्यंत असा पत्रव्यवहार करता येत नाही, त्यामुळे त्याआधीच्या शांततेचा अर्थ काढत बसू नका. आणि कॅम्पचं आमंत्रण आलं म्हणून पेढेही वाटू नका. ती आमंत्रणं सरसकट जातात, कॅम्प हे कॉलेजचं उत्पन्न असतं. ज्या कोचने मुलाच्या मेलला नाव घेऊन उत्तर दिलंय, त्याच्याच जूनमधल्या कॅम्पला विमानाचं तिकीट काढा.

अकरावी संपली की उन्हाळ्यात डिव्हिजन ३ चे बरेच कोच ‘प्री-रीड’साठी कागद मागतात: मार्कांची ट्रान्सक्रिप्ट, एसएटी दिली असेल तर स्कोअर, बारावीत घेणार ते विषय. ते ॲडमिशन ऑफिसकडे जातात आणि कोचला अंदाज मिळतो. हा लेखी होकार नसतो. पण इथे कोचला सरळ विचारायचं, ‘अर्ली डिसिजनने अर्ज केला तर तुम्ही मला पाठिंबा देणार का, आणि या वर्षी आणखी किती किकर घेताय?’ गुळमुळीत उत्तर आलं तर ते नाहीच समजायचं. अर्ली डिसिजन (एकाच कॉलेजला लवकर केलेला अर्ज) बंधनकारक असतं, प्रवेश मिळाला तर तिथेच जावं लागतं, म्हणून त्याआधी पैशांचं बोलणं उरकलेलं हवं.

तिथेच तुमचा एच-४ आडवा येतो. एफएएफएसए भरून मिळणारी केंद्र सरकारची मदत तुमच्या मुलाला मिळणार नाही. पुष्कळ खासगी कॉलेजं अशा मुलाला आंतरराष्ट्रीय विद्यार्थी धरतात, आणि मदत मागितली तर ॲडमिशनवर परिणाम होऊ शकतो. ॲमहर्स्ट, बोडन, एमआयटी अशी थोडीच आंतरराष्ट्रीय मुलांच्या बाबतीतही ऐपत न बघता प्रवेश ठरवतात. तिघांकडेही फुटबॉल आहे. बाकीच्यांना फायनान्शियल एड ऑफिसात स्वतः फोन करून विचारा, हे कोचला माहीत नसतं. हा फोन तुम्ही करायचा, मुलाने नाही. सरकारी कॉलेजात इन-स्टेट फी (राज्यातल्या रहिवाशांची कमी फी) लागू होते का, हेही तेव्हाच.

मुलाने नववी भारतात केली असेल तर ती गुणपत्रिका आत्ताच मागवा. डिव्हिजन १ किंवा २ चा विचार असेल तर एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरला नववीपासूनचा प्रत्येक शाळेचा रेकॉर्ड लागतो. डिव्हिजन १ साठी सोळा कोअर कोर्स (इंग्रजी, गणित असे मुख्य विषय) हवेत, त्यातले दहा बारावी सुरू होण्याआधी. शाळेच्या काउन्सेलरकडे मान्यताप्राप्त विषयांची यादी असते, ती मुलाच्या विषयांशी ताडून बघा.

आणि एक. कॉलेजात गेल्यावर कुणी त्याच्या नावाची जाहिरात करून पैसे देऊ केले, ज्याला एनआयएल म्हणतात, तर इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय सही करू देऊ नका, रक्कम शंभर डॉलर असली तरी. एच-४ वर, आणि एकवीस पूर्ण झाल्यावर एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर गेला तरीही, ते परवानगीशिवाय केलेलं काम ठरू शकतं. टीममधल्या बाकीच्या पोरांना ही अडचण नसते, त्यामुळे कोचच्या हे लक्षातही येत नाही.