आठ जोडपत्रांतलं सहावं

कॅलिफोर्नियातल्या सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या एका उपनगरातून एका वाचक बाईंची ईमेल आली. शहराचं नाव गाळतो, कारण प्रकरण अजून उभं राहायचं आहे. बाकी मजकूर थोडक्यात असा:

"दीड वर्षापूर्वी विमानांचा रस्ता बदलला. तेव्हापासून उतरणारी विमानं आमच्या छपरावरून जातात, सकाळ-संध्याकाळ दर दोन-तीन मिनिटांनी एक. सासरे पुण्याहून आलेत. आयुष्य लोहगावात काढलेला माणूस, पण म्हणतात तिथे निदान रात्री झोप लागायची. शहर एफएएशी (अमेरिकेच्या केंद्रीय विमान-वाहतूक प्रशासनाशी) बोलणी करतंय, नगरसेविका 'धीर धरा' म्हणते. आम्ही चाळीस घरांनी मिळून खटला भरावा का? की कौन्सिलकडून रात्रीच्या विमानांवर बंदी आणवावी? सोबत आठ जोडपत्रं."

ईमेल उघडली त्याच दिवशी त्यांना उत्तर पाठवलं. इथे देतोय कारण याच चालीचं पत्र मला दर दोन-तीन महिन्यांनी येतं आणि चूक दर वेळी तीच असते.

ताई, त्रास होतो हे मला पटवू नका, ते पटलेलं आहे. फोनवरच्या ॲपने मोजलेल्या ७८ डेसिबलचे सोळा स्क्रीनशॉटही बाजूला ठेवा. एफएए एकेका विमानाचा आवाज धरत नाही. ते वर्षभराची चोवीस तासांची सरासरी काढतात, रात्री दहा ते सकाळी सातच्या विमानांना दहा डेसिबल जास्त लावतात, आणि ती सरासरी ६५ च्या वर गेली तरच घर 'बाधित' मानतात. तुमचं घर विमानतळापासून ज्या अंतरावर आहे तिथे ती बहुधा जाणार नाही. या सरासरीवर वाद पुष्कळ आहे, पण तुमचं प्रकरण त्यावर ठरणार नाही.

ते ठरणार आहे एका वाक्यावर. फेडरल कायद्याच्या ४९ व्या टायटलमध्ये ४६११० नावाचं कलम आहे. एफएएच्या आदेशाविरुद्ध याचिका थेट फेडरल अपील कोर्टात करायची (तुम्ही राहता तिथल्या सर्किटमध्ये, म्हणजे अपील कोर्टाच्या विभागात, किंवा वॉशिंग्टनच्या डी. सी. सर्किटमध्ये), आणि ती आदेश निघाल्यापासून साठ दिवसांच्या आत. साठ दिवसांनंतर कोर्ट ती घेऊ शकतं, पण फक्त उशिराला 'वाजवी कारण' असेल तर. खालच्या कोर्टात साक्षीपुरावे, ज्युरी असला प्रकार यात नाहीच. आणि नव्या मार्गाचा नकाशा प्रसिद्ध होऊन तो लागू होणं, हा आदेशच आहे. त्याचा कागद घरपोच येत नाही. विमान डोक्यावरून जायला लागलं तेव्हा तुमचे साठ दिवस सुरू झालेले होते.

म्हणजे कडक हिशेबाने तुमची मुदत सोळा महिन्यांपूर्वीच संपली. त्या साठ दिवसांत तुम्ही काय केलंत? ऑनलाइन अर्जावर चारशे सह्या गोळा केल्यात. कुणाही वकिलाला एक फोन केला असतात तर त्याने कॅलेंडर दाखवलं असतं.

आता 'वाजवी कारण' म्हणजे काय, ते फीनिक्सवरून समजेल. ॲरिझोनातल्या या शहराने स्काय हार्बर विमानतळाच्या आवाजासाठी वर्षानुवर्षं पैसा आणि डोकं खर्च केलं होतं. उड्डाणाचे मार्ग कारखाने आणि शेतजमिनींवरून जातात हे धरून जागा विकत घेतल्या, कुठे काय बांधायचं याचे नियम केले. १८ सप्टेंबर २०१४ ला एफएएने उपग्रहावर आधारलेले नवे मार्ग लागू केले आणि विमानं जुन्या, ऐतिहासिक वस्त्यांवर आली. पंचवीस ऐतिहासिक वस्त्या-वास्तू आणि एकोणीस बागांवरची वाहतूक तीनशे टक्क्यांनी वाढली. आधी सल्लामसलत केली म्हणावी तर ती शहराच्या विमान खात्यातल्या खालच्या पायरीवरच्या कर्मचाऱ्यांशी.

शहर आणि रहिवासी संघटनांनी याचिका केली ती १ जून २०१५ ला. साठ दिवस संपून सहा महिने उलटले होते. तरीही २९ ऑगस्ट २०१७ ला डी. सी. सर्किटने ती मान्य केली. कारण मधल्या काळात एफएए शहराला सांगत होतं की आम्ही बघतोय, तोडगा काढतोय. असं कुणी म्हणत असताना त्याच्यावर खटला भरला तर बोलणीच बंद पडली असती, म्हणून थांबणं वाजवी, असं कोर्टाने धरलं. पण अशी सूट क्वचितच मिळेल, हेही त्याच निकालात बजावलं. आणि तीनपैकी एका न्यायाधीशांनी, सेंटेल यांनी, मुदतीच्याच मुद्द्यावर वेगळं मत लिहिलं. फीनिक्सचं नाव घेऊन निश्चिंत झालेल्या लोकांना मी हे वेगळं मत आधी वाचायला सांगतो.

उलटं उदाहरण वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउनचं. तिथे नव्या मार्गांना एफएएने डिसेंबर २०१३ मध्ये हिरवा कंदील दाखवला होता. रहिवाशांनी आणि विद्यापीठाने याचिका केली ऑगस्ट २०१५ मध्ये. २०१८ मध्ये त्याच सर्किटने ती मुदतबाह्य म्हणून काढून टाकली. पुढे बाल्टिमोर विमानतळाच्या मार्गांविरुद्ध खुद्द मेरीलँड राज्य कोर्टात आलं. २०२० मध्ये तेही उशिरापायी परत गेलं. मार्ग बरोबर होता की चूक, या प्रश्नाला दोन्हीकडे कुणी हातही लावला नाही.

फीनिक्स आणि जॉर्जटाउनमधला फरक पकडा: 'थांबा, आम्ही बघतोय' असं एफएए स्वतः म्हणालं होतं का?

आता तुमची जोडपत्रं. पहिलं, तिसरं आणि पाचवं शहराच्या बातमीपत्रातलं आहे, 'चर्चा सकारात्मक वातावरणात सुरू' वगैरे. ती रद्दीत घाला. शहराचं आश्वासन म्हणजे एफएएचं आश्वासन नव्हे. नगरसेविकेच्या 'धीर धरा'ला कोर्टात काडीची किंमत नाही. दुसरं आणि चौथं मात्र सोनं आहे, कारण ती एफएएच्या विभागीय कार्यालयाची उत्तरं आहेत: सातव्या आठवड्यात 'पर्यायी मार्ग तपासत आहोत', आठव्या महिन्यात 'तपासणी चालू आहे'. सातवा आठवडा म्हणजे साठ दिवसांच्या आत. तुमच्या नशिबाने हे आलं, तुमच्या हुशारीने नव्हे.

आणि सहावं. ज्याच्याबद्दल तुम्ही ईमेलमध्ये फक्त 'आणि एक उद्धट पत्र' एवढंच लिहिलंय. त्यात एफएए म्हणतं की सध्याच्या मार्गात आणखी बदल करण्याचा विचार नाही. पत्राला उत्तर काय द्यावं हे तुम्ही मला विचारता आहात, पण त्यावरची तारीख बघितलीत का? तुमच्या ईमेलच्या दिवशी त्याला ३८ दिवस झाले होते.

माझ्या मते 'ते बघतायत म्हणून थांबलो' हे कारण या पत्रापर्यंतच चालेल, त्यापुढे एक दिवसही नाही. या पत्रापासून तुम्हाला नवे साठ दिवस मिळतात असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही, आणि कोर्ट तसं मानेलच असं मी सांगणार नाही. पण यापेक्षा उदार हिशेब कुणी करणार नाही. साठ वजा अडतीस, बावीस. त्यानंतर याचिका करणं म्हणजे वरातीमागून घोडं.

कच्चा दुवाही सांगून ठेवतो. चौथ्या आणि सहाव्या पत्रात नऊ महिन्यांचं अंतर आहे. त्या नऊ महिन्यांत एफएए काय म्हणालं? एखादी बैठक, तिचं इतिवृत्त, सिटी ॲटर्नीला (शहराच्या वकिलाला) आलेली दोन ओळींची ईमेल? ती सापडली तर दुवा जुळला. नाही सापडली तर समोरचा वकील पहिला बोट तिथेच ठेवेल. शहराच्या कार्यालयात सार्वजनिक नोंदींचा अर्ज आजच टाका. उत्तर वेळेत येईलच असं नाही, तरी टाका.

याचिका म्हणजे मोठा ग्रंथ नाही. कोण, कोणाविरुद्ध, कोणता आदेश आणि कोणतं कोर्ट, एवढं दोन-तीन पानांत बसतं. युक्तिवाद पुढे लेखी द्यायचा असतो. मात्र अपील कोर्टाच्या नियमात एक खोच आहे: प्रत्येक अर्जदाराचं नाव लिहावं लागतं, 'व इतर' चालत नाही. तेव्हा चाळीस घरांतले जे खरोखर सही करणार आहेत त्यांची नावं या आठवड्यात नक्की करा. आमच्या लोकांचं माहीत आहे, व्हॉट्सॲपवर अंगठा चाळीस जण दाखवतात आणि सहीच्या वेळी ग्रीन कार्डाची काळजी लागते. ग्रीन कार्डाचा याच्याशी काही संबंध नाही, हेही त्यांना सांगा.

शहर स्वतः याचिकाकर्ता झालं तर उत्तमच. फीनिक्समध्ये शहर आणि रहिवासी दोघेही होते. पण त्यासाठी नगरसेविकेकडे जाऊ नका, सिटी ॲटर्नीकडे जा, आणि खटल्याच्या विषयासाठी कौन्सिलची बंद बैठक मागा. शहरावर विसंबून मात्र राहू नका. शहरांना विमानतळाशी, शेजारच्या शहरांशी, एफएएशी उद्याही व्यवहार करायचा असतो. तुमच्यावरून हटलेलं विमान शेजाऱ्यावर जाणार आणि शेजारचं कौन्सिलही मतदारांनीच निवडलेलं असतं.

शिवाय शहर आलं म्हणजे काम झालं असंही नाही. फीनिक्सच्या शेजारच्या स्कॉट्सडेलची याचिका २०२२ मध्ये डी. सी. सर्किटने फेटाळली, कारण आव्हान दिलेल्या आदेशामुळे आपलं नेमकं काय नुकसान झालं हेच त्या शहराला दाखवता आलं नाही. म्हणून तुमचं प्रतिज्ञापत्र लागेल. कधीपासून, कोणत्या खोलीत, किती वाजता, आधी काय होतं आणि आता काय आहे. सासऱ्यांचं नको. ते परत जाणार आहेत आणि कोर्ट विचारेल की यांचं इथे काय अडलंय.

रात्रीच्या बंदीचं एका परिच्छेदात उरकतो. १९७३ मध्ये सुप्रीम कोर्टाने बरबँक शहराची रात्री अकरा ते सकाळी सातची जेट-बंदी पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केली. त्या बंदीने वेळापत्रकातलं फक्त एकच विमान अडत होतं, रविवारी रात्री साडेअकराचं सॅन दिएगोचं. तेवढ्यासाठीसुद्धा कोर्ट म्हणालं की आकाश केंद्राचं. सॅन होजेला रात्रीचे निर्बंध आहेत ना, असं तुम्ही म्हणाल. सॅन होजे शहर त्या विमानतळाचं मालक आहे आणि ते निर्बंध, असल्या निर्बंधांना आळा घालणाऱ्या १९९० च्या केंद्रीय कायद्याच्या आधीचे, म्हणून टिकले. तुमचं शहर कुठल्याच विमानतळाचं मालक नाही.

नुकसानभरपाईबद्दल जपून बोलतो. ती मार्ग आखणाऱ्या एफएएकडून नव्हे, विमानतळ चालवणाऱ्याकडून मागायची असते. सुप्रीम कोर्टाच्या १९६२ च्या ग्रिग्ज निकालापासून तसं आहे. कॅलिफोर्नियात विमानतळाच्या आवाजाला उपद्रव ठरवून दावे चालले आहेत, सॅन फ्रान्सिस्कोच्या शेजाऱ्यांनी तर १९८० च्या दशकात घाऊक भावाने स्मॉल क्लेम्स कोर्टात (लहान रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात) दावे लावले आणि अपील कोर्टाने ते चालू दिले. पण ती विमानतळालगतची घरं होती. तुमच्यापर्यंत ते कितपत ताणता येईल, शंका आहे. सरकारी संस्थेवर दावा करण्याआधी तिच्याकडे लेखी मागणी द्यावी लागते आणि तिलाही मुदत आहे, काही प्रकारांत अवघी सहा महिने. आणि घर घेताना सही केलेल्या गठ्ठ्यात 'परिसरात विमानतळ असल्याची सूचना' असा एक कागद होता का ते पाहा. २००४ पासून कॅलिफोर्नियात तो द्यावा लागतो. तुम्ही न वाचता सही केली असणार, सगळेच करतात. असला तर भरपाईचा दावा पातळ होतो, मार्गाविरुद्धची याचिका नाही.

जिंकलात तर काय, तेही ऐका. लॉस एंजेलिस शहर २०२१ मध्ये नवव्या सर्किटमध्ये, म्हणजे तुमच्याच कॅलिफोर्नियाच्या सर्किटमध्ये, जिंकलं. एफएएने पर्यावरणाचा विचार नीट केला नाही असं ठरलं, पण मार्ग रद्द न करता प्रकरण फेरविचाराला परत पाठवलं गेलं आणि विमानं त्याच मार्गाने उडत राहिली. फीनिक्सला निकालालाच सव्वादोन वर्षं लागली आणि जुने पश्चिमेकडचे मार्ग परत आले ते २०१८ मध्ये, तेही एफएएशी तडजोड झाल्यावर. शिवाय २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने पर्यावरण-छाननीच्या बाबतीत सरकारी खात्यांना आणखी मोकळीक दिली आहे, त्याचा या खटल्यांवर किती परिणाम होईल ते पुढे दिसेल. सासऱ्यांची झोप या फेरीत परत येणार नाही. कानात घालायला बोळे आणि बेडरूमला दुहेरी काच, हा खर्च आत्ताच करा.

आणि ही संधी हुकलीच तर एक गोष्ट उरते. विमानांचे मार्ग पुन्हा बदलतात. हवाई नकाशांच्या सुधारणा २८ दिवसांच्या पटीतल्या ठरलेल्या तारखांना लागू होतात आणि येऊ घातलेल्या बदलांची यादी एफएएच्या संकेतस्थळावर आधीच दिसते. तुमच्या मार्गात खरोखरीचा बदल झाला तर त्या बदलापुरते साठ दिवस नव्याने सुरू होतील. चाळीस घरांपैकी एकाने तरी दर महिन्याला ती यादी उघडून बघायची, इतकं साधं काम आहे.

मी तुमचा वकील नाही, तुमच्या राज्यातल्या कोर्टात मी उभाही राहत नाही. नवव्या सर्किटमध्ये एफएएविरुद्ध काम केलेला वकील गाठा आणि त्याला आधी सहावं पत्र दाखवा, मग दुसरं आणि चौथं, उरलेली त्याने मागितली तर. वर बावीस दिवस म्हटलं ते तुमच्या ईमेलच्या तारखेपासून. ती मी उघडली दोन दिवसांनी. तेव्हा वीस धरा.