'सारखेच पंख' म्हणण्याआधी

येऊरच्या जंगलातल्या फेरीत तू मुलांना सांगितलंस, चतुर या किड्याचे आणि वटवाघळाचे पंख सारखेच. काम सारखं, हे खरं. पण वटवाघळाचा पंख म्हणजे आपल्यासारखाच हात: बोटं लांबलेली, मधे कातडं ताणलेलं. चतुराच्या पंखात हाडच नाही. काम सारखं असणं आणि घडण सारखी असणं, हा फरक इंग्रज शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेनने १८४३ मध्ये नेमका मांडला. घडण सारखी असण्याचं कारण समान पूर्वज, हे डार्विनने १८५९ मध्ये सांगितलं. आणि गंमत बघ, फ्लेमिंगो आणि वटवाघूळ यांचं नातं हात म्हणून एका मुळाचं, पण उडणं मात्र दोघांनी वेगवेगळं कमावलेलं.

सारखेपणावरून अंदाज बांधणं भाषेतही चालतं. माझी नात 'धरलं', 'भरलं' ऐकून 'करलं' म्हणते. मला ते चूक वाटतच नाही, तिला नियम सापडलाय! न्यायदर्शनात तर उपमान, म्हणजे सारखेपणावरून ओळखणं, हे ज्ञान मिळवण्याचं वेगळं साधनच (प्रमाण) आहे: 'गाईसारखा तो गवय (एक रानटी प्राणी)' एवढं ऐकलेला माणूस रानात गवय ओळखतो. म्हणून गवय गाईच्या पोटचा ठरत नाही.

रविवारी ऐरोलीला खाडीवर फ्लेमिंगो दिसले, की मुलांना आधी स्वतःचा खांदा, कोपर, मनगट चाचपायला लाव. मग दुर्बीण दे.