डास रक्त पितो तेव्हा ते त्याच्या सोंडेत गोठत कसं नाही?

लाळेमुळे. मादीच्या सोंडेत (चावते फक्त मादी) सुईसारखे सहा बारीक भाग असतात. एका नळीतून ती माणसाच्या कातडीत लाळ सोडते, दुसरीतून रक्त ओढते. नळी केसाहून बारीक, त्यामुळे एवढीशी गुठळीही तिला अडवायला पुरेशी.

या लाळेत दोन तऱ्हेची कामं चालतात. जखम झाली की प्लेटलेट (रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशी) एकमेकींना एडीपी या रेणूने हाका मारून गोळा होतात. लाळेतलं अपायरेज हे एन्झाइम तो एडीपीच तोडून टाकतं. दुसरं काम गोठण्याची साखळी (रक्तातली प्रथिनं एकामागून एक जागी होतात ती) अडवण्याचं, आणि मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हेच. मलेरियाच्या अ‍ॅनोफिलिस डासाकडे अ‍ॅनोफेलिन नावाचं छोटं प्रथिन असतं, ते थेट थ्रॉम्बिनला, म्हणजे गुठळी बनवणाऱ्या एन्झाइमलाच, जखडतं. डेंग्यूचा एडिस मात्र एक पायरी आधी, थ्रॉम्बिन तयार करणाऱ्या फॅक्टर १०-ए वर घाव घालतो. काम एकच, पण दोन घराण्यांनी उपाय वेगवेगळे शोधले!

चावल्यावर उठणारी खाजरी गांधसुद्धा याच लाळेतल्या प्रथिनांना आपल्या शरीराने दिलेली प्रतिक्रिया. एका चाव्यात जाणारी लाळ इतकी थोडी असते की आपलं रक्त त्याने पातळ होत नाही, ती काळजी सोडा.